लाल साडी, काळी जॉर्जेट आणि खरेदीची यादी

सुरतेच्या कापडबाजारात कुणी ‘जीआर आला’ म्हणाले तर मंत्रालयाकडे बघायचे कारण नाही. तिथे जीआर म्हणजे गुड्स रिटर्न, परत आलेला माल. पार्सल धुळ्याला, नांदेडला किंवा कोल्हापूरच्या दुकानात पोचते, दुकानदार ते फोडतो, आणि काही दिवसांनी त्यातल्या काही साड्या आल्या वाटेने माघारी निघतात. काठ उसवला, छपाई सरकली, मीटर कमी भरला ही कारणे पूर्वीही होती, आजही आहेत. पण दुकानदार रिंग रोडवर येऊन गादीवर बसून, साडी बोटांत चुरून माल निवडायचा त्याऐवजी मोबाइलवरच्या व्हिडिओत बघून मागवू लागला, तेव्हापासून एका जुन्याच तक्रारीला नवे बळ आले आहे. ‘दाखवला तो रंग हा नव्हे.’ ही तक्रार किरकोळ ग्राहकाची असेल तर तिला कायद्याचाही आधार आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितलेल्या गुणांशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. व्हिडिओ हीच जाहिरात असेल तर व्हिडिओतला रंग हा दिलेला शब्द ठरतो.

कामरेज हे सुरत स्टेशनपासून वीसेक किलोमीटरवरचे, तापीच्या काठी, मुंबई–अहमदाबाद महामार्गावर वसलेले तालुक्याचे गाव. सुरतेहून तिकडे जाताना वराछ्याला हिऱ्यांचे कारखाने लागतात, लसकाण्याकडे वळले की यंत्रमागांचा खडखडाट, कडोदऱ्याच्या बाजूला डाइंग-प्रिंटिंगच्या मिल. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. तापी खोऱ्यातल्या रेल्वेने खानदेशातून गेलेली लाखो माणसे उधना, लिंबायत, पांडेसरा भागात स्थिरावली आहेत, सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, आणि आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातल्या साडीच्या दुकानात घडी उलगडली तर बहुधा याच जिल्ह्याचे कापड निघते. अशा ठिकाणचा घाऊक व्यापारी रोजचे कॅटलॉग स्वतःच चित्रित करायचे ठरवतो, म्हणजे घरचा व्हिडिओ विभाग काढतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. कॅमेरा कुठला घ्यायचा? मग कॅमेऱ्याचा दुकानदार, भाचा आणि यूट्यूब मिळून एक यादी तयार करतात. तिच्यात सगळ्यात वर, सगळ्यात महाग कॅमेरा असतो, त्याखाली लेन्सा, मग ‘एक चांगला कॉम्प्युटर’, आणि तळाशी उरलेल्या पैशांत दिवे.

माझे म्हणणे असे की ही यादी उलटी वाचायला हवी. माल कशामुळे परत येतो ते आधी शोधावे आणि त्या चुकीच्या जे उपकरण सगळ्यात जवळ असेल त्याच्यावर सगळ्यात जास्त पैसा घालावा. साडीच्या धंद्यात या हिशेबाने पहिला मान दिव्यांचा, दुसरा ज्या पडद्यावर रंग पारखायचा त्या मॉनिटरचा, मग सॉफ्टवेअर आणि साठवणीचा. कॅमेरा बराच खाली उतरतो. बिस्किटांची किंवा पंपांची कंपनी असेल तर क्रम वेगळा लागेल, कारण तिचा माल वेगळ्या कारणाने अडतो. उपकरणांची सर्वांना चालेल अशी यादी नसतेच, आणि ती देणाऱ्याला बहुधा काहीतरी विकायचे असते.

दिव्यापासून सुरुवात करू, कारण इथे बाजारातला सगळ्यात मोठा गैरसमज दडलेला आहे. एलईडीच्या खोक्यावर ‘सीआरआय ८०’ किंवा ‘९०’ असे छापलेले असते आणि तो आकडा पाहून घेणारा निश्चिंत होतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे हे माप. पण ते निघते आठ फिकट रंगांच्या नमुन्यांच्या सरासरीवरून. गडद लाल या आठांत नाहीच. तो नववा नमुना, ‘आर-९’ नावाचा, आणि सरासरी काढताना त्याला बाहेर ठेवलेले असते. त्यामुळे ऐंशीच्या पुढचा आकडा मिरवणारा स्वस्त दिवा लाल रंगाच्या बाबतीत नापास असू शकतो. त्याच्या उजेडात कुंकवी साडी विटकरी दिसते, राणी रंग मरगळतो, आणि हे कॅमेऱ्यात घडत नाही, कॅमेऱ्यापर्यंत येणाऱ्या उजेडातच घडलेले असते. जो लाल उजेडात नाही तो दहा लाखांचा कॅमेराही आणू शकत नाही. लग्नाच्या बाजारात लाल, मरून, राणी हेच रंग खपतात हे लक्षात घेतले तर आठांच्या सरासरीत न धरलेल्या या एका आकड्याची किंमत कळते. दिवा घेताना विक्रेत्याला आर-९ किती ते विचारावे. सांगता आले नाही तर पुढच्या दुकानात जावे. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २०१२ मध्ये खास कॅमेऱ्याच्या नजरेने दिवे मोजणारे टीएलसीआय हे दुसरे मापही आणले. चित्रीकरणासाठी बनवलेल्या बऱ्याच दिव्यांवर ते दिलेले असते.

गंमत अशी की हे ज्ञान कामरेजच्या आसपास आधीपासून नांदते आहे. कुठल्याही बऱ्या डाइंग मिलमध्ये शेड मॅचिंगची पेटी असते. आतून करड्या रंगाची, वर दोन-तीन तऱ्हेचे दिवे, त्यातला एक दिवसाच्या उजेडासारखा, ‘डी-६५’. डाइंग मास्टर नमुना आणि रंगवलेला ताका शेजारी ठेवून दिवे बदलून पाहतो, कारण एका दिव्याखाली जुळलेल्या दोन छटा दुसऱ्या दिव्याखाली फारकत घेतात हे त्याला पक्के ठाऊक असते. शास्त्रात याला मेटॅमेरिझम म्हणतात. मास्टर तो शब्द वापरत नसेल, पण त्याच्या नोकरीचा पाया तोच आहे. मिलमध्ये एवढी खबरदारी घेऊन रंगवलेले कापड मालाच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर येते आणि तिथे खिडकीचा उजेड, छतावरची ट्यूब आणि एक रिंगलाइट अशा तीन वेगळ्या उजेडांत चित्रित होते. पंधरा पावलांची साखळी शेवटच्या पावलाला तुटते. व्हिडिओ विभागाने फार काही नवे शिकायचे नाही, मिलमधल्या त्या पेटीची मोठी आवृत्ती बांधायची आहे. खिडकी झाकायची, भिंती करड्या किंवा पांढऱ्या ठेवायच्या (गुलाबी भिंतीची झाक पांढऱ्या शिफॉनवर उतरते), सगळे दिवे एकाच जातीचे घ्यायचे, त्यांच्या जागा जमिनीवर रंगाने आखून ठेवायच्या. वराछ्याच्या हिरेवाल्यांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवलेला आहे. हिऱ्याचा गोल फिरणारा व्हिडिओ काढायचे यंत्र म्हणजे बंद पेटी, ठरलेला उजेड, ठरलेले अंतर आणि फिरती चकती. ते चालवणाऱ्याला छायाचित्रणातले काही कळावे लागत नाही, आणि सोमवारी काढलेला हिरा शनिवारी काढलेल्याशी ताडून बघता येतो. साडी पेटीत मावत नाही एवढाच फरक.

विजेचाही एक मुद्दा इथेच येतो. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, त्यामुळे साध्या दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते दिसत नाही. मोबाइल मात्र बहुधा सेकंदाला तीस चित्रे घेतो, आणि तीस आणि पन्नास यांचे जमत नाही, म्हणून व्हिडिओत काळसर पट्टे वर-खाली सरकतात. उपाय फुकट आहे. सेकंदाला पंचवीस चित्रे आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवणे. यासाठी शटर हाताने ठरवू देणारे अ‍ॅप किंवा कॅमेरा हवा. अमेरिकी यूट्यूबरच्या सल्ल्याने चालणाऱ्यांची इथेच फसगत होते, कारण तिकडची वीज साठ फेऱ्यांची आहे.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. मी त्याला खाली उतरवले म्हणजे तो बिनमहत्त्वाचा असे नाही. उलट कापडवाल्याला कॅमेऱ्याकडून जे हवे ते जाहिरातीतल्या आकड्यांत दिसत नाही, म्हणून नीट सांगायला हवे. २००६ मध्ये लायका या नामांकित जर्मन कंपनीने एम-८ नावाचा महागडा डिजिटल कॅमेरा आणला आणि थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या की काळे कृत्रिम कापड जांभळट येते. कारण असे की कृत्रिम धाग्याचे काही काळे रंग डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण परावर्तित करतात, आणि त्या कॅमेऱ्यातला ते अडवणारा पडदा पातळ होता. शेवटी कंपनीला ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर मोफत द्यावे लागले. सुरत हे पॉलिस्टरचे गाव आहे. इथल्या माणसाने कॅमेरा घ्यायला जाताना काळ्या जॉर्जेटचा एक तुकडा आणि वांगी रंगाचा एक तुकडा खिशात न्यावा (जांभळ्याच्या काही छटा कॅमेऱ्यात हटकून निळ्याकडे झुकतात), आणि दुकानातच दोन मिनिटे चित्रण करून पाहावे. यापेक्षा उपयोगी परीक्षा मला माहीत नाही, आणि ती घ्यायला शिक्षण लागत नाही.

दुसरी अडचण रंगाच्या हिशेबाची. बहुतेक मोबाइल आणि स्वस्त कॅमेरे चित्र साठवताना जागा वाचवतात ती रंगात. उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात, रंगाची मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. ‘फोर-के’ म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके असे आपण अभिमानाने सांगतो, पण त्यात रंग असतो १९२० गुणिले १०८० एवढाच. माणसाच्या चेहऱ्यावर हे खपून जाते. लाल काठावर बारीक हिरव्या बुट्ट्या असतील तर त्यांच्या कडा विरघळतात. म्हणून कॅमेरा घेताना आठ-के, बारा-के यांच्या मागे न लागता तो ‘४:२:२, १०-बिट’ असे चित्रण करतो का हे विचारावे. यात रंगाचे तपशील दुप्पट साठतात आणि प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या मिळतात. फिक्या आकाशी ओंब्रेत पट्टे पडत नाहीत. तिसरी अडचण विणीची. बारीक नियमित वीण आणि सेन्सरवरची ठिपक्यांची जाळी एकमेकांवर आली की कापडावर नसलेल्या लाटा पडद्यावर दिसू लागतात, मच्छरदाणीवर मच्छरदाणी टाकल्यावर दिसतात तशा. कॅमेरा थोडा मागे-पुढे किंवा तिरका केला की बहुतेक वेळा त्या जातात. सेन्सरचे सगळे ठिपके वाचून मग चित्र लहान करणारे कॅमेरे यात बरे. आणि एक घरगुती सूचना. कापडाचा बारीक तंतू हवेत सतत असतो, तो सेन्सरवर बसतो. एकच चांगली झूम लेन्स लावून ती न काढणे हे चार लेन्सा घेण्यापेक्षा शहाणपणाचे आणि स्वस्तही. पावसाळ्यात सुरतेची हवा इतकी दमट असते की कपाटात पडलेल्या लेन्सला बुरशी धरते, हा न घेतलेल्या तीन लेन्सांचा आणखी एक फायदा.

यावर पहिला आक्षेप येतो तो बिनतोड वाटतो. चांगल्या मोबाइलवर हे सगळे होते, मग कॅमेराच कशाला? अर्ध्याहून अधिक मला हे मान्य आहे. नीट उजेडात, तिपाईवर, हाताने ठरवलेल्या सेटिंगवर मोबाइल उत्तम साडी दाखवतो, आणि वाईट दिव्याखालच्या महाग कॅमेऱ्यापेक्षा तर नक्कीच. ज्याचा रोजचा माल दहा-बारा डिझाइनचा आहे त्याने मोबाइलवरच सुरू करावे आणि वाचलेला पैसा दिव्यात घालावा. पण मोबाइलचा स्वभाव ओळखून. तो मालकाला खूश करायला बनवलेला आहे, खरे सांगायला नव्हे. पडद्यावर हिरवी साडी भरली की तो आपणहून चित्र थोडे किरमिजी करतो, पिवळी आली की निळे. मॉडेल गिरकी घेते तेवढ्यात त्याचे मत बदलते. म्हणून व्हाइट बॅलन्स कुलूपबंद करणे ही अट. आयफोन १२ पासूनचे फोन एचडीआरमध्ये चित्रण करतात. तोच व्हिडिओ साध्या अँड्रॉइडवर गेला की धुवट किंवा भडक दिसतो. विक्रीच्या व्हिडिओसाठी ती सोय बंद ठेवावी. एवढे करूनही मोबाइल कधी अपुरा पडतो ते जीआरच सांगेल. लाल-वांगीच्या तक्रारी थांबत नसतील तर कॅमेरा घ्यायची वेळ झाली.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. बघणाऱ्याचा पडदाच खोटा असेल तर इकडे एवढी तपश्चर्या कशासाठी? कुणाचा फोन ‘व्हिव्हिड’वर, कुणी रात्री पिवळ्या झाकीत बघणारा, कुणाची काच फुटलेली. खरे आहे, आणि त्यावर इलाज नाही. पण चुका दोन जातींच्या असतात. बघणाऱ्यांच्या पडद्यांच्या चुका विखुरलेल्या असतात, कुणाकडे साडी थोडी भडक, कुणाकडे थोडी फिकी, आणि मधोमध खरा रंग. मुळातच चूक असेल तर सगळी विखुरण तिच्याभोवती होते आणि शंभरातले शंभर जण एकाच दिशेने फसतात. शिवाय दुकानदार एकच रंग कधी बघत नाही. एका डिझाइनचे सहा-आठ रंगांचे मॅचिंग तो एकत्र बघतो, आणि त्यातले मोरपंखी नि रामा वेगळे कळले की त्याचे काम होते. ही रंगारंगांतली अंतरे वाईट पडद्यावरही बरीचशी टिकतात, मुळात नीट नोंदवली असतील तरच. म्हणूनच मी मॉनिटरला दुसरा मान दिला. एडिटिंगच्या टेबलावर एक तरी पडदा मापून घेतलेला असावा. काचेवर ठेवून रंग मोजणारे छोटे यंत्र मिळते, महिन्यातून एकदा लावले की पुरे. प्रत्येक चित्रणाच्या सुरुवातीला चोवीस चौकोनांचा रंगतक्ता पाच सेकंद दाखवावा. हा तक्ता १९७६ पासून वापरात आहे. आणि व्हिडिओ पाठवण्यापूर्वी खरी साडी त्या पडद्याशेजारी धरून पाहावी. शेड मॅचिंगच पुन्हा, फक्त एका बाजूला ताका आणि दुसऱ्या बाजूला काच.

सॉफ्टवेअरच्या निवडीत लोक किंमत आणि चमक बघतात. मराठी दुकानदारांना माल विकणाऱ्याने आधी अक्षरे बघावीत. ‘पैठणीचा मोऱ्या रंग, काठावर कोयऱ्या, ऱ्हस्व-दीर्घ शुद्ध’ असे एक बेढब वाक्य तयार ठेवावे आणि प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये टाकून पाहावे. जोडाक्षरे फुटली, वेलांटी पुढच्या अक्षरावर गेली तर ते सॉफ्टवेअर कितीही नामांकित असो, रोज डोकेदुखी देणार. अ‍ॅडोबीच्या प्रीमियर प्रोमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीचे टेक्स्ट इंजिन आहे, पण ते प्रेफरन्सेसमध्ये जाऊन निवडावे लागते. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण फोटोशॉपमध्ये मथळे बनवून चित्र म्हणून चिकटवत बसतात. तसेच जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर इथे उपयोगाचा नाही, युनिकोडच हवे. रंगाच्या कामाला ब्लॅकमॅजिकचे डाविंची रिझॉल्व्ह सरस आहे. ते मुळात सिनेमाच्या रंगदुरुस्तीचेच यंत्र, ऑस्ट्रेलियाच्या या कंपनीने २००९ मध्ये विकत घेतले आणि पुढे त्याची मोफत आवृत्ती दिली. रंगतक्ता ओळखून दुरुस्ती सुचवण्याची सोय त्यात आहे. ‘फुकटचे ते कामचलाऊ’ हा समज इथे टिकत नाही. पैसे देऊन घ्यायची आवृत्तीही २९५ डॉलरांना एकदाच घ्यायची असते. प्रीमियरचे तसे नाही. अ‍ॅडोबीने २०१३ पासून नव्या आवृत्त्या विकत देणे थांबवून फक्त भाड्याने द्यायला सुरुवात केली, भाडे थांबले की दार बंद. मात्र रिझॉल्व्हला तगडे ग्राफिक्स कार्ड लागते, तेव्हा फुकट सॉफ्टवेअरचा खर्च कॉम्प्युटरच्या बिलात निघतो हे हिशेबात धरावे.

आणि कुठल्याच सॉफ्टवेअरवर जीव लावू नये. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यातले टिकटॉक सगळ्यांना आठवते, पण विवा व्हिडिओ हे एडिटिंगचे अ‍ॅपही त्याच यादीत होते, आणि ज्यांची अर्धवट कामे त्यात होती त्यांना रातोरात दुसरे शोधावे लागले. सरकारच पाहिजे असेही नाही. २०११ मध्ये अ‍ॅपलने फायनल कटची नवी आवृत्ती काढली ती जुन्या आवृत्तीतली कामे उघडेच ना. जगभरचे एडिटर चिडून दुसरीकडे गेले. यातून एवढेच निघते की तयार व्हिडिओ, मूळ चित्रण आणि मथळ्यांचा मजकूर सॉफ्टवेअरच्या बाहेर, साध्या फायलींत ठेवलेला असावा.

साठवणीचा हिशेब एकदा कागदावर मांडला की पुरे. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रण केले तर एका तासाचे ४५ जीबी होतात. रोज दोन तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर महिन्याला सव्वादोन टीबीच्या वर. वर्षभर काहीच न पुसता ठेवले तर डिस्कांचा ढीग. पण साडीच्या कॅटलॉगचे आयुष्य एका हंगामाचे. तयार व्हिडिओ कायम ठेवावा आणि मूळ चित्रण त्या मालाच्या जीआरची मुदत संपेपर्यंत, कारण वाद झाला तर रंगतक्त्यासकटचे मूळ चित्रण हाच पुरावा. तोवर मात्र ते एका जागी नसावे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडले गेले आणि सुरतेचा मोठा भाग तापीच्या पाण्याखाली गेला. कामरेज त्याच नदीवर आहे. तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी, हा छायाचित्रकारांचा नियम तिथे कुणाला वेगळा पटवून द्यायला नको. चार डिस्कांचे रेड यंत्र घेतले म्हणजे चार प्रती झाल्या असे मात्र समजू नये; पाण्यात ते चारही एकदमच जातात.

आवाजावर मी फार लिहीत नाही, कारण साडीच्या व्हिडिओत आवाज बिघडला म्हणून माल परत येत नाही. कॉलरचा साधा माइक पुरतो. कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या खोलीत प्रतिध्वनी जवळजवळ नसतो, स्टुडिओवाले ज्याला हजारो रुपये मोजतात ते इथे गोदामात फुकट मिळते. महामार्गावरच्या ट्रकचा भोंगा तेवढा टाळायचा.

व्हिडिओ बाहेरून का काढून घेऊ नये, हा प्रश्न मालकाने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. महिन्याला एक कॅटलॉग असेल तर बाहेरूनच घ्यावा. पण बाहेरचा चित्रीकरण करणारा बहुधा लग्नांची कामे करतो आणि साडीचा हंगाम नि त्याचा हंगाम एकच. शिवाय त्याला चित्र देखणे करायची सवय असते, आणि देखणे म्हणजे थोडे सोनेरी, थोडे गडद. वधू त्यात छान दिसते, साडी परत येते. कृत्रिम बुद्धिमत्तेने मॉडेल बनवून घेण्याचा मोहही आता आहे. चेहरा आणि पार्श्वभूमी बनवून घेतली तर बिघडत नाही. पण यंत्राने नेसवलेल्या साडीत गिरकीबरोबर बुट्टे वाढतात, काठ रुंद होतो. साडीचा व्हिडिओ मुळात काढायचा तो ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेल्या धूपछाँव कापडावर पदर हलताना उजेड कसा पालटतो ते दाखवायला. तेच कल्पनेने भरायचे असेल तर छापील फोटो काय वाईट होता?

राहिला माणसांचा प्रश्न, आणि इथे दोन जुनी उदाहरणे कामाला येतात. पुण्यात १९८४ मध्ये सुरू झालेली बालचित्रवाणी महाराष्ट्रातल्या एका पिढीला तोंडपाठ आहे. शाळांसाठी घरचा व्हिडिओ विभाग असावा ही त्यामागची कल्पना, आणि स्टुडिओ, कॅमेरे, तंत्रज्ञ सगळे होते. २०१७ मध्ये ती बंद झाली, त्याआधी बरीच वर्षे भांडण चालले होते ते पगाराच्या पैशांवरून. यंत्रे घेताना मिळालेला निधी यंत्रे चालवणाऱ्या माणसांना दरवर्षी पुरत नाही, हे सरकारी खात्यातच घडते असे नाही. त्याच वर्षी, १९८४ मध्ये, अहमदाबादला ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने मार्था स्टुअर्ट या अमेरिकी बाईंच्या मदतीने तीन आठवड्यांचे शिबिर घेऊन आपला व्हिडिओ विभाग उभा केला. शिकणाऱ्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, अनेक जणी निरक्षर होत्या. कॅमेऱ्यावरची बटणे त्यांनी खुणांनी लक्षात ठेवली. यंत्रे साधी, माणसे विषयातली, आणि तो विभाग टिकला. कामरेजच्या व्यापाऱ्याने सिनेमाची पदवी घेतलेला मुलगा शोधण्याआधी आपल्याच गादीवर पाहावे. घडी उचलताच पोत सांगणारा, मोरपंखी आणि रामा यांत गल्लत न करणारा एक तरी सेल्समन तिथे असतोच, आणि पैठणीची नक्कल आणि येवल्याची पैठणी यांतला फरक मराठी गिऱ्हाइकाला कसा सांगायचा हे कळणारी लिंबायतची एखादी मुलगी. बटणे त्यांना महिन्यात शिकवता येतात. डोळा तयार व्हायला त्यांना दहा वर्षे लागलेली आहेत.

तेव्हा यादी करायला बसण्याआधी गेल्या सहा महिन्यांची जीआरची चोपडी काढावी आणि ‘रंग’ असे कारण लिहिलेल्या डिझाइन नंबरांपुढे खूण करावी. त्यातल्या चार साड्या गोदामात सापडतीलच. उद्या सकाळी दहाच्या सुमारास त्या उत्तरेच्या दारात, उन्हाच्या आत, एका दांडीवर टांगाव्यात आणि जो फोन हातात आहे त्याने चित्रण करावे, मग त्याच साड्या आत, रोजच्या दिव्यांखाली. दोन्ही व्हिडिओ धुळ्याच्या किंवा जालन्याच्या त्या दुकानदाराला पाठवावेत ज्याने माल परत केला होता, आणि त्याच्याकडे उरलेली साडी हातात धरून कुठला खरा ते सांगायला सांगावे.